वेळेला चहा

चहाने हाडं ठिसूळ होतात. चहाने रक्त कमी होतं. चहाने अंगातलं पाणी जातं. घरोघरी ही तीन वाक्यं एका दमात ऐकवली जातात आणि तिन्हींत आरोपी एकच, कॅफिन. वाचत गेलं की तिघांचा निकाल वेगवेगळा लागतो. पहिल्यात तथ्य आहे, पण चिमूटभर. दुसऱ्यात बरंच आहे, पण आरोपी भलताच पकडलाय. तिसरं रोज चहा पिणाऱ्याला फारसं लागूच होत नाही. वहीत वेळोवेळी टिपून ठेवलेलं ते असं.

*

सुरुवात मूत्रपिंडापासून. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत ओढून घेतात. पाण्याबरोबर क्षारही गाळले जातात. कॅल्शियम दिवसाला ८ ते १० ग्रॅम गाळलं जातं आणि लघवीवाटे प्रत्यक्ष बाहेर पडतं ते १०० ते २५० मिलिग्रॅम. बाकी सगळं घरी परत.

या परत घेण्यावर अ‍ॅडिनोसिन नावाच्या रेणूची देखरेख असते. मेंदूत हाच रेणू पेंग आणतो. कॅफिनचा आकार त्याच्याशी इतका मिळताजुळता, की ते अ‍ॅडिनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं आणि त्याचं काम होऊ देत नाही. मेंदूत त्यामुळे तरतरी येते. मूत्रपिंडाच्या नळीत, तिच्या पहिल्याच भागात, सोडियम परत घेणं ढिलं पडतं. सोडियम मागे राहिलं की पाणीही राहतं. कॅल्शियमचं या भागात स्वतःचं असं काही चालत नाही. सोडियम आणि पाणी जिकडे, तिकडे तेही. मॅग्नेशियमही थोडं जास्त जातं. कप रिकामा झाल्यावर काही तास ही गळती चालते, मग थांबते. कॅफिन क्षार वाहून नेतं, ही कथा इथून निघते आणि ती खरी आहे. प्रश्न उरतो तो किती नेतं, एवढाच.

*

१८१९ साली फ्रीडलीब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बेलाडोनाच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी मोठी होते, ते कवी गटेला करून दाखवलं. गटे खूश झाला आणि त्याने कॉफीच्या बिया रुंगेच्या हाती ठेवल्या, की आता यांत काय दडलंय ते शोध. रुंगेने कॅफिन वेगळं काढलं. पुढे चहात सापडलेल्या द्रव्याला लोक काही वर्षं थेईन म्हणत राहिले. तेही कॅफिनच निघालं. चहा आणि कॉफी या दोघांत सारखं असलेलं द्रव्य हाती लागलं आणि तेव्हापासून दोघांच्या सगळ्या गुणदोषांची पावती त्याच एका नावाने फाडली जाते.

*

अमेरिकेत ओमाहा इथल्या क्रेटन विद्यापीठात रॉबर्ट हीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ पासून कॅथलिक नन्सचा अभ्यास सुरू केला. मठातलं खाणंपिणं ठरलेलं, वेळा ठरलेल्या, माणसं वर्षानुवर्षं तीच. खाल्लेलं कॅल्शियम मोजायचं, मलमूत्रातून गेलेलं मोजायचं आणि वजाबाकी करायची. कंटाळवाणं काम, पण अशा कामातूनच भरवशाचे आकडे येतात. १९९५ साली याच गटाने कॉफीचा आकडा दिला. एका कपामागे कॅल्शियमचा ताळेबंद सुमारे ४.६ मिलिग्रॅमने खाली येतो.

एवढ्याशा आकड्याला घाबरायचं का? दिवसाला चार कप धरले तर वर्षाला साधारण ६.७ ग्रॅम. शरीरात कॅल्शियम असतं किलोभर, त्यातलं ९९ टक्के हाडांत. म्हणजे भरपाई अजिबात झाली नाही, तर गंगाजळीतला दीडशेवा हिस्सा दरवर्षी कमी. भरपाई झाली तर काहीच नाही. सगळा खेळ त्या 'तर'चा आहे.

*

भरपाईला किती लागतं, तेही हीनींनी २००२ मध्ये सांगून ठेवलं: एक-दोन मोठे चमचे दूध. हिशेब सोपा आहे. १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. १५ मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यात १८. त्यातलं तिसऱ्या हिश्श्याएवढं अंगी लागतं, म्हणजे पाच-सहा मिलिग्रॅम. एका कपाचं देणं फिटलं.

पुण्याच्या अमृततुल्यातला दूध घालून उकळलेला चहा स्वतःचं देणं जागच्या जागी फेडून वर थोडं शिल्लक टाकतो. अडचण होते ती दुधाविना पिणाऱ्याची. अशी माणसं आपल्याकडे दोन टोकांना भेटतात. एक, वजन उतरवायचं म्हणून जिममधून आल्यावर कोरी कॉफी घेणारी. दुसरी, दूध परवडत नाही म्हणून कोऱ्या चहावर दिवस ढकलणारी. पहिलीच्या जेवणात पनीर, दही, बदाम असतात. दुसरीच्या जेवणात काय असतं, यावर तिच्या हाडांचं ठरतं.

*

बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातून १९९४ साली आलेला अभ्यास याच मुद्द्यावर आहे. पाळी गेलेल्या बायकांमध्ये ज्यांच्या आहारात कॅल्शियम दिवसाला ८०० मिलिग्रॅमपेक्षा कमी होतं आणि कॉफी दोन-तीन कप किंवा त्याहून जास्त होती, त्यांच्या हाडांची झीज जास्त झाली. कॅल्शियम पुरेसं असलेल्यांत कॉफीने असा फरक पडलेला दिसला नाही.

आपल्याकडे आयसीएमआरने २०२० मध्ये प्रौढांसाठी ठरवलेलं प्रमाण दिवसाला १००० मिलिग्रॅमचं आहे. डाळभात, पोळीभाजी, ताकाची वाटी एवढ्यावर ते भरत नाही. १०० ग्रॅम नाचणीत मात्र साडेतीनशेच्या वर कॅल्शियम असतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला चहा सोडायला सांगण्यापेक्षा नाचणीची भाकरी आठवड्यात अधूनमधून थापायला सांगणं जास्त फायद्याचं.

*

सोडियम आणि कॅल्शियमची मूत्रपिंडातली जोडी कळली की नजर कपावरून बशीकडे वळते. ढोबळ नियम असा, की सहा ग्रॅम मीठ जादा खाल्लं तर लघवीतून सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जादा जातं. सहा ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट भरलेला चमचा. आठ-नऊ कप कॉफीएवढं काम तो एकटा करतो. आता चार वाजताच्या चहाबरोबर काय काय येतं ते आठवा. खारी, चकली, शेव, फरसाण, मसाल्याचे शेंगदाणे. आपला राग चहावर आणि चकलीचा डबा मात्र हाताशी.

*

पाणी जातं, हे तिसरं वाक्य. १९२८ साली एडी आणि डाउन्स यांनी तीनच माणसांवर केलेला जुना प्रयोग आहे. कॅफिन अंगवळणी पडलं की त्याची लघवी वाढवण्याची ताकद ओसरते, हे त्यांना दिसलं. २०१४ साली बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी कॉफीची सवय असलेल्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज चार कप कॉफी दिली आणि दुसऱ्या खेपेला तेवढंच पाणी. शरीरातल्या एकूण पाण्यात फरक सापडला नाही. कॉफीच्या दिवसांत लघवीतून सोडियम तेवढं जास्त गेलं होतं. पाण्याचं गणित सावरलं, क्षाराची किंचित गळती राहिली, असा त्याचा अर्थ. महिनोन्‌महिने न घेता एकदम मोठा डोस घेणाऱ्याची गोष्ट वेगळी.

*

मॅग्नेशियमबद्दल एक ओळ. शरीरात ते साधारण २५ ग्रॅम असतं, त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत आणि रक्तात एक टक्काही नाही. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी साठा भरलेला आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही. कॅफिनने थोडं जातं, कॉफीतून थोडं मिळतंही. या धातूपायी कॉफी सोडायचं कारण नाही. ज्वारी, बाजरी, शेंगदाणे आणि पालेभाजी ताटात आहेत की नाहीत, ते बघावं.

*

आता रक्त. ओट्यावर करून बघण्यासारखं आहे. दूध न घालता कोरा चहा गाळून घ्यायचा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीवरचा रंगीत पापुद्रा खरवडून काढायचा, आतली भुकटी चमच्याने चहात ढवळायची. तांबूस चहा बघता बघता काळवंडतो आणि थोड्या वेळाने तर निळसर काळा, दौतीतल्या शाईसारखा दिसू लागतो. रंगाऱ्यांना हे ठाऊक असतं. हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर लोखंडाचं पाणी लावलं की काळा रंग उठतो. हिरड्यात टॅनिन असतं, चहात त्याच्या भाऊबंदकीतली पॉलिफिनॉल्स. ती लोहाला धरून बसतात आणि न विरघळणारी जोडी तयार होते. आतडं फक्त विरघळलेलं लोह उचलू शकतं.

कपातलं कॅफिन या सगळ्यात नुसतं बाजूला उभं असतं.

*

आकडे. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी १९७५ साली 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की ब्रेड असो की भात, बरोबर चहा असेल तर लोह कमी शोषलं जातं. शिजवलेल्या हिमोग्लोबिनमधल्या, म्हणजे मांसातून येणाऱ्या जातीच्या लोहावर मात्र चहाचा परिणाम झाला नाही. मटणाच्या रश्श्यातल्या लोहाला चहा फारसा शिवत नाही. भाकरी, डाळ आणि मेथीच्या भाजीतलं लोह त्याच्या तावडीत सापडतं. म्हणजे चहाचा फटका बसतो तो शाकाहारी ताटाला, आणि मटण कधीतरीच शिजणाऱ्या घराला.

बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतून २००८ साली आलेला अभ्यास आपल्या जास्त जवळचा. तरुण भारतीय मुलींमध्ये जेवणाबरोबरच्या एका कपाने लोहाचं शोषण साधारण निम्म्यावर आलं, दोन कपांनी एक तृतीयांशावर. त्याच अभ्यासात क जीवनसत्त्व जेवणाबरोबर दिल्यावर शोषण कित्येक पटींनी वाढलं. पानातली लिंबाची फोड ही डाव्या बाजूची सजावट नव्हे, हे यावरून कळावं.

*

'पण आम्ही दुधाचा पितो.' हे उत्तर हाडांच्या बाबतीत चालतं, रक्ताच्या बाबतीत चालत नाही. १९९९ साली रिचर्ड हरेल आणि सहकाऱ्यांनी निरनिराळी पेयं ब्रेडच्या जेवणाबरोबर देऊन मोजली. काळ्या चहाने लोहाचं शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटवलं. दूध घातल्याने त्यात फारसा फरक पडला नाही.

याच अभ्यासातली आणखी एक ओळ मी वहीत अधोरेखित केली आहे. पेपरमिंटच्या पाल्याच्या चहाने शोषण ८४ टक्क्यांनी घटलं आणि कॅमोमाइलच्या फुलांच्या चहाने ४७. या दोन्हींत कॅफिनचा कणही नसतो. कॅफिनमुक्त म्हणून महागडं हर्बल पाकीट आणून जेवणावर तोच पिणाऱ्याने पैसे कशासाठी मोजले, ते त्याने स्वतःशीच ठरवावं.

*

उकळण्याबद्दल. कॅफिन पाण्यात चटकन उतरतं, पहिल्या काही मिनिटांतच बरंचसं. पॉलिफिनॉल्स सावकाश उतरत राहतात. त्यामुळे सकाळी केलेला चहा दहा वाजता पुन्हा गॅसवर चढला, की तरतरी तेवढीच आणि तुरटपणा वाढलेला. कडक चहाचं कडकपण बऱ्याच अंशी लोह पकडणाऱ्या द्रव्यांचं असतं.

*

सर्वांत उपयोगी आकडा मला १९८३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात सापडला. हॅम्बर्गरच्या जेवणाबरोबर कॉफी दिली तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं आणि चहा दिला तर ६४. मग त्यांनी वेळ बदलून पाहिली. जेवणाच्या तासभर आधी कॉफी दिली, काहीच घट नाही. जेवणानंतर तासाभराने दिली, तर जेवणाबरोबर दिल्याइतकीच घट.

आपल्या अंदाजाच्या हे उलट आहे. आपल्याला वाटतं, जेवण होऊन तास झाला, आता काय बिघडणार. पण तासाभराने जेवण अजून जठरातच असतं, थोडं थोडं खाली सरकत असतं, आणि वरून आलेला कप त्यात मिसळतो. आधी प्यालेला कप मात्र रिकाम्या पोटातून पुढे निघून गेलेला असतो. इंग्लंडमधल्या २०१७ सालच्या अभ्यासात जेवणानंतर तासाभराच्या अंतराने चहाचा परिणाम निम्म्याच्या आसपास कमी झालेला दिसला, पूर्ण गेला नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर जेवणाआधीचा तास पुरतो, जेवणानंतरचा एक कमी पडतो. दीड-दोन असलेले बरे.

'चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो' असं आपण हसत म्हणतो. लोहाच्या दृष्टीने चहाला वेळ असते, आणि ती घड्याळात दाखवता येते.

*

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत हेच सांगितलं. जेवणाआधी निदान एक तास आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी नको, आणि कॅफिन दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या आत. त्यांच्याच हिशेबाने चहाच्या एका कपात कॅफिन ३० ते ६५ मिलिग्रॅम, १५० मिलिलिटर ब्रू केलेल्या कॉफीत ८० ते १२०. बातम्यांत मथळा झाला तो ३०० चा. तासाची गोष्ट खाली कुठेतरी गेली. खरं तर आपल्या बहुतेकांच्या दृष्टीने महत्त्वाचा तासच होता.

*

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. याचं खापर चहावर फोडणं सोपं आहे आणि चूक आहे. कमी अन्न, कमी विविधता, पाळीत जाणारं रक्त, लागोपाठची बाळंतपणं, जंत, संसर्ग ही मोठी कारणं. चहा यांच्या रांगेत बराच मागे उभा आहे. पण बाकीची कारणं हटवायला पैसा, वेळ आणि सरकार लागतं. चहाचा कप सरकवायला यातलं काहीच लागत नाही, म्हणून एवढं लिहायचं.

*

२०१२ साली महाराष्ट्रात धनशक्ती नावाचा बाजरीचा वाण आला. दाण्यातच लोह जास्त असावं म्हणून निवड करत करत काढलेला. लोह वाढवलेल्या बाजरीची भाकरी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलांना देऊन पाहिली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले: चार महिन्यांत मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा सुधारला. फार समाधानाची गोष्ट.

त्याच्या शेजारी सकाळचं दुसरं चित्र ठेवावं लागतं. शाळेत जायची घाई. पोरगं ओट्याला टेकून उभं, हातात स्टीलची वाटी, वाटीत चहा, रात्रीची पोळी किंवा भाकरी त्यात बुडवून दोन मिनिटांत न्याहारी. पैदासकारांनी वर्षानुवर्षं खपून दाण्यात चढवलेलं लोह वाटीतल्या तुरट पाण्यात अडकतं. त्या पोराला दूध नाही तर वरण, नाही तर नुसता गूळ आणि भाकरी चालेल. चहा मोठ्या माणसांचा.

*

याच्याबरोबरच लिहून ठेवायचं: चहा भूक मारतो. उसाच्या फडावर, वीटभट्टीवर, बांधकामावर, आणि घरात सगळ्यांचं वाढून झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईलाही तो जेवण पुढे ढकलायला मदत करतो. साखर आणि कॅफिन मिळून दोन तास काढून देतात. या कपाने लोह अडवलं की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो, कारण अडवायला पोटात काही नव्हतंच. खनिजांचं सगळ्यात मोठं नुकसान चहा असं करतो, जेवणाच्या जागी बसून.

*

पोटॅशियम हा वेगळाच किस्सा. मोठ्या मात्रेत कॅफिन गेलं की अंगात अ‍ॅड्रिनॅलिन उसळतं आणि ते रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. एकूण साठा तितकाच, पण रक्तातली पातळी खाली. स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय बिघडू शकते. ग्रीक डॉक्टरांनी २००९ साली दिवसाला दोन ते नऊ लिटर कोला पिणाऱ्यांच्या अशा नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यात साखरेचाही वाटा होता. दम्यासाठी दिलं जाणारं थिओफिलिन हे कॅफिनचंच भावंड, म्हणून त्याचा डोस चढला की डॉक्टर पोटॅशियम तपासतात.

दोन-तीन कप पिणाऱ्याला यातलं काही होत नाही. उलट कॉफीच्या मोठ्या कपातून शंभरेक मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. मूत्रपिंड निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या माणसाला आहारतज्ज्ञ कॉफी मोजून प्यायला सांगतात ते याचसाठी, पोटॅशियम वाढू नये म्हणून. त्याच कपाची कोलावाल्याला एक भीती आणि डायलिसिसवाल्याला बरोबर उलटी.

*

मुतखडा. कॅफिनने लघवीतलं कॅल्शियम वाढतं, खडे बहुतेक कॅल्शियमचे असतात, तेव्हा चहा-कॉफीने खडे वाढणार, हा तर्क बिनचूक दिसतो. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यसेवकांच्या मोठ्या गटांवरून २०१४ साली निघालेलं उत्तर उलटं आहे. जास्त कॅफिन घेणाऱ्यांत खडे कमी. लघवीत कॅल्शियम जास्त होतं, पण लघवीही जास्त होती आणि ऑक्झलेट कमी, त्यामुळे स्फटिक जमायला वाव कमी. एक क्षार सुटा धरून निकाल दिला की असं तोंडघशी पडायला होतं.

*

मराठवाड्यात बोअरच्या पाण्याचा कोरा चहा थोडा निवू दिला, की वर एक पातळ, चकचकीत पापुद्रा धरतो. चमच्याने हलवला की त्याला भेगा पडतात आणि कपाच्या कडेला तपकिरी वळं राहतं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात मायकेल स्पायरो यांनी १९९० च्या दशकात या पापुद्र्याचा मुद्दाम अभ्यास केला. त्यात पाण्यातल्या चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट आणि चहाची द्रव्यं सापडली. मऊ पाण्यात तो धरत नाही, लिंबू पिळलं तर होत नाही. खनिजं फक्त शरीरातून जातात असं नाही, कपातही उतरतात.

*

उतरणाऱ्या खनिजांतलं एक जपून घ्यावं असं. चहाचं झाड मातीतलं फ्लोराईड पानांत साठवतं, जून पानांत सर्वांत जास्त. तिबेटकडे जून पानांच्या विटा उकळून पितात, तिथे हाडांचा फ्लोरोसिस चहातून होतो. २०१३ साली अमेरिकेत एका बाईच्या अशाच फ्लोरोसिसची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. ती सतरा वर्षं रोज शंभर ते दीडशे टी-बॅग्जचा चहा पीत होती. आपले दोन-तीन कप यात कुठेच बसत नाहीत. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड आहे, तिथे दिवसभर कोरा चहा पिणाऱ्याच्या हिशेबात दोन्ही बाजू मिळवायला हव्यात.

*

अडवणारा चहा एखाद्याला हवाही असतो. थॅलेसीमियात शरीर गरजेपेक्षा जास्त लोह ओढून घेतं आणि ते यकृत-हृदयात साठतं. १९७९ साली अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांना जेवणाबरोबर चहा देऊन पाहिला, लोहाचं शोषण चांगलंच घटलं. औषधांना तो पर्याय नाही, पण जेवणावर चहा पिऊ नका, हा सल्ला या घरात उलटा होतो.

*

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास झोपेत थांबू नये म्हणून त्यांना कॅफिन सायट्रेट देतात. मोठ्या माणसाच्या अंगातून निम्मं कॅफिन चार-पाच तासांत जातं, नवजात बाळात त्याला तीन-चार दिवस लागतात. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून मिळणारं कॅल्शियम या बाळांना पुरतं मिळालेलं नसतं. म्हणून त्यांच्या हाडांच्या क्षारांवर डॉक्टर लक्ष ठेवतात, वेगळं कॅल्शियम-फॉस्फरस देतात, आणि कॅफिनही चालू ठेवतात, कारण श्वास आधी. नफा-तोटा तोलून घेणं म्हणजे काय, ते अतिदक्षता कक्षात दिसतं.

*

गरोदर बायांना सरकारी योजनेत दोन गोळ्या मिळतात, लोहाची आणि कॅल्शियमची. त्या एकत्र घ्यायच्या नसतात, कॅल्शियम लोहाच्या आड येतं. दोन तासांचं अंतर हवं. त्यात चहा घातला की तिघांचं वेळापत्रक होतं. आशाताई हे नीट समजावून सांगतात. पण गोळी पोटाला सोसत नाही, मळमळतं, म्हणून बाई ती चहाच्या घोटाबरोबर ढकलते, आणि काही महिन्यांनी हिमोग्लोबिन तसंच राहिलं की 'गोळ्या घेत नाही' असा शेरा तिच्या नावापुढे पडतो. तिने गोळी घेतलेली असते.

*

सगळं वाचून झाल्यावर सल्ला छोटा उरतो. दूध घाला, मीठ आवरा, लिंबू पिळा, आणि कप जेवणापासून लांब ठेवा. पण तो कुणाला द्यायचा, याचा विचार होत नाही. चहा कधी प्यायचा हे बहुतेक बायकांच्या हाती नसतं. फडावर ते मुकादम ठरवतो, कारखान्यात सुट्टीची घंटा, ऑफिसात कँटीनवाला, घरी पाहुणे आणि सासरे. तेव्हा सल्ला यांना द्यायला हवा. जेवणाची सुट्टी आणि चहाची सुट्टी चिकटून ठेवू नका. आणि लोहाच्या गोळ्या वाटायच्या मेळाव्यात भाषणं, वाटप, अल्पोपाहार आणि शेवटी चहा हा जो क्रम छापलेला असतो, त्यात चहा सुरुवातीला घ्या, बाया येऊन बसत असतानाच. भाषणं तासभर चालतातच.